छंदाची मोटार आणि गुंतवणुकीचा भ्रम

जुन्या, दुर्मीळ किंवा खास पद्धतीने बदल करून घेतलेल्या मोटारींच्या छंदावर होणाऱ्या खर्चाचे समर्थन करताना एक युक्तिवाद वारंवार पुढे केला जातो, आणि तो इतक्या आत्मविश्वासाने मांडला जातो की त्याची तपासणी करण्याची गरजच कोणाला वाटत नाही. या युक्तिवादाचे तीन भाग आहेत. पहिला असा, की अशी मोटार ही गुंतवणूक आहे, कारण तिची किंमत काळाबरोबर वाढते; दुसरा असा, की कर्जाचा मासिक हप्ता पगारात बसत असेल तर ती मोटार परवडते असेच म्हटले पाहिजे; आणि तिसरा असा, की पैसा ज्याने कमावला त्याने तो कसा खर्चावा हा सर्वस्वी त्याचा प्रश्न आहे. हे तिन्ही दावे चुकीचे आहेत आणि ते छंदाचे रक्षण करण्याऐवजी त्याचे नुकसान करतात, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे. मात्र मोटारीचा छंद म्हणजे निव्वळ उधळपट्टी, हा त्याच्या विरोधकांचा निष्कर्षही तितकाच अग्राह्य आहे. छंदावरील खर्च हा उपभोगाचा खर्च आहे. उपभोग म्हणून तो उघडपणे मान्य केला की त्याला कुटुंबाच्या अर्थव्यवहारात सन्मानाची जागा देता येते, आणि गुंतवणुकीचे नाव देऊन तो लपवला की त्याच्यावरचा विवेकाचा ताबा सुटतो.

प्रथम छंदाची मोटार कशाला म्हणावयाचे हे स्पष्ट केले पाहिजे. दळणवळणाची गरज भागवण्यासाठी घेतलेली मोटार येथे अभिप्रेत नाही. गरज भागल्यानंतरही केवळ आवड, कुतूहल, स्मृती किंवा यंत्रावरील प्रेम यांपोटी जी मोटार घेतली, सांभाळली, सुधारली किंवा बदलली जाते, ती छंदाची मोटार होय. महाराष्ट्रात या छंदाला खोल मुळे आहेत. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटच्या परवान्याने बनणारी आणि पुढे ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने ओळखली गेलेली मोटार मध्यमवर्गीय घरांच्या आणि मुंबईच्या टॅक्सी व्यवसायाच्या इतिहासाचा भाग आहे. ३० ऑक्टोबर २०२३ पासून टॅक्सी म्हणून तिची सेवा संपली तेव्हा अनेकांना झालेले दुःख खरे होते. अशी पद्मिनी, जुनी अॅम्बॅसडर, काँटेसा किंवा महिंद्राची जीप पुन्हा चालती करणाऱ्या माणसाची भावना हास्यास्पद ठरवण्याचे काही कारण नाही. प्रश्न भावनेच्या खरेपणाचा नसून त्या भावनेला दिल्या जाणाऱ्या आर्थिक स्पष्टीकरणाच्या खरेपणाचा आहे.

गुंतवणुकीचा दावा त्याच्या सर्वांत बलवान रूपात विचारात घेणे न्यायाचे ठरेल. मर्सिडीज-बेंझने १९५५ मध्ये बनवलेल्या ‘३०० एसएलआर उलेनहाउट कूपे’ या मोटारीला मे २०२२ मध्ये १३ कोटी ५० लाख युरो मिळाले, आणि ही लिलावात विकली गेलेली जगातील सर्वांत महाग मोटार ठरली. भारतातील उदाहरणही कमी आकर्षक नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये निकाली काढलेल्या एका प्राप्तिकर प्रकरणात १९३१ सालची फोर्ड टूरर मोटार १९८३ मध्ये २० हजार रुपयांना घेतली गेली होती आणि दशकभराच्या आत ती २१ लाख रुपयांना विकली गेली. अशी उदाहरणे ऐकली की प्रत्येक जुनी मोटार म्हणजे भविष्यातील ठेव वाटू लागते.

परंतु या उदाहरणांतून सर्वसाधारण निष्कर्ष काढणे तर्कदृष्ट्या सदोष आहे. उलेनहाउट कूपे जगात केवळ दोनच बनल्या. पद्मिनी आणि अॅम्बॅसडर मात्र वर्षानुवर्षे मोठ्या संख्येने तयार होत राहिल्या. वस्तू जुनी असणे आणि ती दुर्मीळ असणे या भिन्न गोष्टी आहेत, आणि दुर्मीळ असूनही तिला मागणी असणे ही तिसरीच गोष्ट आहे. या तिन्हींचा योग जुळल्याशिवाय किंमत वाढत नाही. शिवाय ज्या मोटारी मोठ्या किमतीला विकल्या गेल्या त्यांचीच वार्ता होते. ज्यांना गिऱ्हाईक मिळाले नाही, ज्या अर्धवट उघडून पडल्या आणि शेवटी भंगारात गेल्या, त्यांची नोंद कोठेही राहत नाही. केवळ तरून गेलेल्यांकडे पाहून सर्वांच्या भवितव्याचा अंदाज बांधण्याच्या या चुकीला संख्याशास्त्रात ‘अवशिष्टांचा पूर्वग्रह’ म्हणता येईल, आणि छंदी वर्तुळांतील बहुतेक आर्थिक आशावाद याच चुकीवर उभा आहे. दुर्मीळ मोटारींचा बाजारही एकाच दिशेने जात नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस फुगलेल्या फेरारींसारख्या मोटारींच्या किमती १९९० नंतरच्या मंदीत कोसळल्या, आणि त्या शिखरावर खरेदी करणाऱ्यांना मूळ किंमत पुन्हा दिसायला दीर्घकाळ वाट पाहावी लागली.

त्याहून मोठा दोष हिशेबाच्या पद्धतीत आहे. छंदी माणूस बहुधा खरेदीची किंमत आणि विक्रीची किंमत एवढ्या दोनच आकड्यांची तुलना करतो आणि मधला सर्व खर्च विसरतो. समजा, एखादी जुनी मोटार ३ लाख रुपयांना घेतली, पत्राकाम, रंगकाम, इंजिनाची दुरुस्ती, वायरिंग आणि आतील बैठकींचे काम यांवर आणखी ६ लाख रुपये खर्च केले, आणि नंतरची दहा वर्षे विमा, देखभाल व गाडी ठेवण्याच्या जागेचे भाडे यांपोटी दरवर्षी ६० हजार रुपये दिले. म्हणजे एकूण खर्च १५ लाख रुपये झाला. ही मोटार दहा वर्षांनी १४ लाखांना विकली गेली तर मालक ‘तीनाचे चौदा झाले’ असे सांगेल, पण प्रत्यक्षात त्याचा एक लाखाचा तोटा झालेला असेल. याशिवाय येथे संधी-खर्चाचा विचार करावा लागतो. एका पर्यायात पैसा गुंतवल्यामुळे दुसऱ्या उपलब्ध पर्यायातून जे उत्पन्न मिळाले असते ते सोडावे लागणे, म्हणजे संधी-खर्च. सुरुवातीचे ९ लाख रुपये वार्षिक ७ टक्के चक्रवाढीने कोठेही सुरक्षित ठेवले असते तर दहा वर्षांनी ते सुमारे १७ लाख ७० हजार झाले असते, आणि दरवर्षीचे ६० हजार वाचले असते ते वेगळेच. या आकड्यांसमोर १४ लाखांची विक्री यशस्वी गुंतवणूक ठरत नाही. त्या दहा वर्षांत मालकाला मिळालेला आनंद मात्र खरा आहे आणि वरील फरक हे त्या आनंदाचे मोल आहे; ते मोल दिले म्हणून त्याला कोणी दोष देऊ नये, पण ते दिलेच नाही असे म्हणण्याचा अधिकार त्याला नाही.

कायद्यानेही छंद आणि गुंतवणूक यांच्यात भेद केला आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. प्राप्तिकर कायद्यातील भांडवली मालमत्तेच्या व्याख्येतून व्यक्तिगत वापराच्या जंगम वस्तू वगळल्या आहेत, आणि या वगळण्याला जे अपवाद सांगितले आहेत त्यांत दागिने, पुरातत्त्वीय संग्रह, रेखाचित्रे, चित्रे, शिल्पे आणि कलाकृती येतात. मोटार येत नाही. याचा अर्थ असा, की व्यक्तिगत वापराची मोटार विकून नफा झाला तर त्यावर भांडवली नफ्याचा कर लागत नाही, पण तोटा झाला तर तो अन्य भांडवली नफ्यातून वजाही करता येत नाही. नफ्याची बाजू सर्वांच्या लक्षात राहते आणि तोट्याची बाजू कोणी सांगत नाही. वर उल्लेखिलेल्या फोर्ड टूररच्या प्रकरणात तर हा भेद निर्णायक ठरला. मालकाचे म्हणणे होते की मोटार ही व्यक्तिगत वस्तू असल्याने नफा करमुक्त आहे. न्यायालयाने मात्र असे मानले की मोटार वैयक्तिक वापरास योग्य असणे पुरेसे नाही, तिचा तसा वापर प्रत्यक्ष झाल्याचे दिसले पाहिजे, आणि तसा पुरावा नसल्यामुळे निकाल मालकाविरुद्ध गेला. या निकालातील तत्त्व करकायद्यापलीकडेही मोलाचे आहे. मोटार चालवून, सांभाळून तिचा आनंद घेतला असेल तर ती वैयक्तिक वस्तू आहे. ती वापराविना केवळ किमतीसाठी जपली असेल तर ती मालमत्ता आहे आणि तिच्या नफ्यावर कर द्यावा लागेल. एकाच मोटारीला सोयीप्रमाणे आज छंद आणि उद्या गुंतवणूक म्हणता येत नाही.

गुंतवणुकीच्या दाव्यावर आणखी दोन मर्यादा येतात. पहिली उत्पन्नाची. केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुलै २०२१ मध्ये केलेल्या दुरुस्तीनुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या आणि सांगाडा, बाह्यांग किंवा इंजिन यांत मोठा फेरफार न केलेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांना ‘व्हिंटेज’ म्हणून स्वतंत्र नोंदणी मिळते. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये आहे, ती दहा वर्षे टिकते, आणि पुनर्नोंदणीला ५ हजार रुपये लागतात. अशी वाहने प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, व्हिंटेज रॅली, इंधन भरणे आणि देखभाल यांसाठीच रस्त्यावर आणता येतात. नियमित किंवा व्यापारी वापरास मनाई आहे. घर भाड्याने देता येते, समभागावर लाभांश मिळतो, ठेवीवर व्याज मिळते; या मोटारीला मालकाने सतत पैसे पुरवावे लागतात. दुसरी मर्यादा धोरणात्मक जोखमीची. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये राजधानी क्षेत्रात दहा वर्षांहून जुन्या डिझेल आणि पंधरा वर्षांहून जुन्या पेट्रोल वाहनांवर बंदी घातली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती कायम केली. पुढे त्या धोरणात फेरविचार झाला तरी मधल्या काळात अनेक सुस्थितीतील मोटारींचे तेथील मूल्य एका आदेशाने घसरले. पंधरा वर्षांनंतरच्या नोंदणी-नूतनीकरणाचे शुल्कही एप्रिल २०२२ पासून लक्षणीय वाढले आहे. ज्या वस्तूचे मूल्य प्रदूषणविषयक धोरणाच्या एका वळणावर बदलू शकते, तिच्यावर निवृत्तीची किंवा मुलांच्या शिक्षणाची भिस्त ठेवणे दूरदृष्टीचे लक्षण नाही.

जुन्या मोटारींबाबत निदान किंमत वाढण्याची शक्यता तरी असते. नव्या मोटारीत बदल करणाऱ्यांना तेवढाही आधार नाही. महाराष्ट्रात खासगी मोटारीवर किमतीच्या टप्प्यानुसार पेट्रोलसाठी ११ ते १३ आणि डिझेलसाठी १३ ते १५ टक्के एकरकमी कर द्यावा लागतो, आणि तो विक्रीच्या वेळी वेगळा वसूल होत नाही. विमा घोषित मूल्य, म्हणजे मोटार चोरीला गेल्यास किंवा पूर्ण नष्ट झाल्यास विमा कंपनी जी कमाल रक्कम देते ते मूल्य ठरवताना प्रचलित कोष्टकानुसार पहिल्या सहा महिन्यांत ५, वर्षभरापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाचपर्यंत ५० टक्के घसारा धरला जातो. त्यात इंजिनाची शक्ती वाढवणारे, सायलेन्सर बदलणारे किंवा बाह्यांगाची रचना पालटणारे बदल केले की खर्च वाढतो, पण मूल्य वाढेलच असे नाही. उलट बहुतेक खरेदीदार मूळ स्वरूपातील मोटार पसंत करतात. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ चा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येणार नाहीत असे स्पष्ट केले आहे, आणि कलम १८२अ खाली अननुज्ञेय बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड अथवा दोन्ही होऊ शकतात. विमा कंपनीला न कळवलेल्या बदलांमुळे अपघातानंतरचा दावा अडचणीत येतो तो निराळाच. अशा खर्चाला गुंतवणूक म्हणणे हा शब्दाचा उघड गैरवापर आहे.

दुसरा दावा हप्त्याचा. मासिक हप्ता पगारात बसतो म्हणून मोटार परवडते, या म्हणण्यात परवडणे या संकल्पनेचाच संकोच होतो, कारण हप्ता हा किमतीचा केवळ तुकडा असतो आणि तुकडा लहान दिसावा म्हणून मुदत लांबवता येते. समजा, १० लाख रुपये किमतीच्या मोटारीसाठी तेवढेच कर्ज वार्षिक ९.५ टक्के दराने सात वर्षांसाठी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे १६,३४४ रुपये येतो आणि सात वर्षांत एकूण सुमारे १३ लाख ७३ हजार रुपये भरावे लागतात. आता कर्ज आणि मूल्य शेजारी ठेवून पाहावे. दोन वर्षे नियमित हप्ते भरल्यानंतरही सुमारे ७ लाख ७८ हजार रुपये कर्ज शिल्लक असते, तर वरील कोष्टकाप्रमाणे तिसऱ्या वर्षासाठीचे विमा मूल्य ७ लाख असते. तीन वर्षांनंतर कर्ज सुमारे ६ लाख ५० हजार आणि मूल्य ६ लाख. चार वर्षांनंतर कर्ज सुमारे ५ लाख १० हजार आणि मूल्य ५ लाख. म्हणजे मुदतीचा निम्म्याहून अधिक काळ मालक मोटारीच्या मूल्याहून अधिक रक्कम देणे लागतो, आणि त्या काळात नोकरी गेली किंवा घरात आजारपण आले तर मोटार विकूनही तो कर्जमुक्त होत नाही. विमा मूल्य आणि बाजारभाव तंतोतंत सारखे नसतात हे खरे, परंतु त्यामुळे या तुलनेची दिशा बदलत नाही.

गरजेच्या मोटारीसाठी असे कर्ज घेण्यास निदान वापराचे समर्थन असते. छंदासाठी ते घेणे हा ऋण काढून सण साजरा करण्याचा प्रकार आहे. त्यातही बदलांसाठी किंवा पुनरुज्जीवनासाठी वैयक्तिक कर्ज घेतले जाते तेव्हा धोका वाढतो, कारण त्यामागे तारण नसते आणि म्हणून व्याजदर वाहनकर्जापेक्षा सामान्यतः जास्त असतो. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२३ मध्ये बँकांच्या विनातारण ग्राहककर्जांवरील जोखीमभार, म्हणजे अशा कर्जापोटी बँकेने राखावयाच्या भांडवलाचे प्रमाण ठरवणारा घटक, १०० वरून १२५ टक्के केला आणि गृह, शिक्षण, वाहन व सुवर्णतारण कर्जे त्यातून वगळली. नियामक संस्थेला जे कर्ज बँकेच्या दृष्टीने अधिक धोक्याचे वाटते, ते एखाद्या कुटुंबाने केवळ आवडीसाठी अंगावर घ्यावे याचे समर्थन करणे कठीण आहे.

तिसरा दावा वैयक्तिक स्वातंत्र्याचा आहे आणि त्यात तथ्याचा अंश असल्यामुळे त्याचा प्रतिवाद अधिक काळजीने केला पाहिजे. कमावत्या व्यक्तीला स्वतःच्या आवडीसाठी खर्च करण्याचा हक्क आहे, यात शंका नाही. परंतु कुटुंबाचे उत्पन्न एका व्यक्तीच्या नावावर जमा होत असले तरी त्यामागे जोडीदाराचे घरातील श्रम, आईवडिलांचा आधार आणि मुलांच्या भविष्याविषयीची सामायिक वचने असतात. छंदाच्या खर्चातील जोखीम या सर्वांवर पडते. त्यामुळे निर्णय एकट्याचा आणि परिणाम सर्वांचे, ही विभागणी न्याय्य ठरत नाही. शिवाय मालकीतून येणारी दायित्वेही दिसतात त्याहून व्यापक असतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे की नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच कायद्याच्या दृष्टीने वाहनाचा मालक असतो. म्हणून मोटारींची वारंवार खरेदी-विक्री करणाऱ्या छंदी माणसाने हस्तांतर पूर्ण न करता गाडी दुसऱ्याच्या ताब्यात दिली, तर पुढे होणाऱ्या अपघाताच्या भरपाईचे दायित्व त्याच्या दारात येऊ शकते. स्वातंत्र्याचा दावा करणाऱ्याने या दायित्वांचीही जबाबदारी उघडपणे घेतली पाहिजे.

या तिन्ही दाव्यांमागे मनाची एक सवय काम करते. अर्थतज्ज्ञ रिचर्ड थेलर यांनी १९८५ मध्ये मांडलेल्या ‘मानसिक हिशेब’ या संकल्पनेनुसार माणूस पैशाला मनातल्या मनात वेगवेगळ्या खात्यांत टाकतो आणि प्रत्येक खात्याला वेगळे नियम लावतो. एकच लाख रुपये ‘चैन’ या खात्यात गेले तर खटकतात आणि ‘गुंतवणूक’ या खात्यात गेले तर समाधान देतात. छंदाच्या मोटारीला गुंतवणूक म्हणण्याचा खरा उपयोग हाच आहे. त्यामुळे मोटारीची किंमत बदलत नाही, फक्त खर्च करणाऱ्याच्या मनातील अडसर दूर होतो. आणि अडसर दूर झाला की मर्यादाही उरत नाही, कारण गुंतवणूक जितकी जास्त तितकी चांगली, असा समज त्या खात्याबरोबर आपोआप येतो.

आता दुसऱ्या बाजूचा विचार केला पाहिजे. मूल्य घटणाऱ्या वस्तूवर गरजेपलीकडे खर्च करणे मूर्खपणाचे आहे, असे सांगणारे अर्थसल्लागार व नीतिवादी टीकाकार याच चुकीची उलटी आवृत्ती मांडतात. त्यांच्या मते ज्या खर्चातून परतावा मिळत नाही तो खर्च वाया गेला; परंतु असे मानले तर प्रवास, संगीताची मैफल, ग्रंथसंग्रह आणि सणसमारंभ हे सर्वच वाया गेले असे म्हणावे लागेल. परतावा हे गुंतवणुकीचे माप आहे, ते उपभोगाला लावणे ही मोजमापाचीच चूक होय; बचत शेवटी कशासाठी करावयाची याचे उत्तर परताव्याच्या भाषेत देता येत नाही. लग्नसमारंभावर काही दिवसांत होणारा प्रचंड खर्च निमूटपणे स्वीकारणाऱ्या समाजाने जुन्या मोटारीवर वर्षानुवर्षे श्रम करणाऱ्या माणसालाच उधळ्या ठरवावे, यात न्याय नाही.

शिवाय या छंदाला एक सांस्कृतिक मूल्य आहे. जुन्या यंत्राचे कार्ब्युरेटर जुळवणारा, पत्रा हाताने ठोकून मूळ वळणावर आणणारा, उत्पादन बंद झालेला सुटा भाग लेथवर घडवून देणारा कारागीर आजच्या अधिकृत सेवा केंद्रांत दिसत नाही, कारण तेथे बिघडलेला भाग दुरुस्त करण्यापेक्षा बदलला जातो. कुर्ल्याच्या भंगार बाजारात जुन्या गाडीचा नेमका भाग ओळखून काढणाऱ्या माणसाचे ज्ञान कोणत्याही अभ्यासक्रमात नाही. हे ज्ञान टिकून आहे ते छंदी माणसे त्याला काम देतात म्हणून. औद्योगिक इतिहासाच्या जतनासाठी सार्वजनिक संस्था अपुऱ्या पडतात तेथे खासगी छंद ते काम करतो, आणि त्यासाठी झालेल्या खर्चाला निरर्थक म्हणणे अन्यायाचे आहे.

म्हणून कसोटी मोटार कोणती आहे ही नसून तो खर्च घराच्या इतर कर्तव्यांच्या संदर्भात कोठे उभा आहे, ही असली पाहिजे. या कसोटीला पाच अटी जोडता येतात. पहिली अट क्रमाची: किमान सहा महिन्यांच्या घरखर्चाएवढा आपत्कालीन निधी, कुटुंबाचा आरोग्यविमा, कमावत्या व्यक्तीचा मुदत विमा आणि निवृत्तीसाठीची नियमित बचत या चार गोष्टी पूर्ण झाल्यानंतर जे उरते त्यातूनच छंदाचा खर्च व्हावा. या क्रमाचे महत्त्व एका आकड्यावरून कळते. भविष्य निर्वाह निधीच्या सार्वजनिक योजनेत, म्हणजे पीपीएफमध्ये, दरवर्षीच्या एप्रिलच्या आरंभी दीड लाख रुपये भरले आणि एप्रिल २०२० पासून चालू असलेला ७.१ टक्के व्याजदर कायम राहिला, तर पंधरा वर्षांत भरलेल्या साडेबावीस लाखांचे सुमारे ४० लाख ६८ हजार रुपये होतात. तरुण वयात छंदासाठी ही बचत थांबवणारा माणूस मोटारीच्या किमतीबरोबर हा फरकही मोजत असतो.

दुसरी अट रोखीची: छंदासाठी कर्ज नको, ज्या रकमेसाठी वाट पाहावी लागते ती वाट आवडीच्या खरेपणाचीही परीक्षा घेते. तिसरी अट संपूर्ण हिशेबाची: खरेदी, कर, नोंदणी, विमा, सुटे भाग, कारागिरी, जागा आणि संधी-खर्च हे सर्व एका कागदावर लिहिले जावे, आणि पुनरुज्जीवनाच्या अंदाजाला पुरेशी राखीव रक्कम जोडली जावी, कारण जुन्या मोटारीचा पत्रा उघडल्याशिवाय आतला गंज दिसत नाही. चौथी अट संमतीची: हा कागद जोडीदाराने पाहिलेला असावा आणि वार्षिक मर्यादा दोघांनी मिळून ठरवलेली असावी. पाचवी अट माघारीची: कोणत्या परिस्थितीत काम थांबवावे किंवा मोटार विकावी हे सुरुवातीलाच ठरलेले असावे, कारण खर्च सुरू झाल्यावर आजवर घातलेले पैसे वाया जाऊ नयेत या विचाराने आणखी पैसे घालत राहण्याची प्रवृत्ती बळावते. परत न मिळणाऱ्या अशा बुडीत खर्चाच्या आधारे पुढचा निर्णय घेणे तर्काला धरून नसते, आणि छंदाच्या उत्साहात तर ते ओळखणेही कठीण जाते.

या अटींवर एक आक्षेप निश्चित येईल, की एवढ्या हिशेबात छंदाचा उत्साहच मरून जाईल. अनुभव याच्या विरुद्ध दिशेला बोट दाखवतो. गॅरेजच्या कोपऱ्यांत वर्षानुवर्षे उघड्या पडलेल्या मोटारींची आबाळ हिशेबामुळे झालेली नसते. मालकाचा पैसा मध्येच संपल्यामुळे त्या तशा पडलेल्या असतात. सुटे केलेले भाग हरवतात, उघडा पत्रा गंजतो, कारागिराची जागा अडून राहते, त्याची मजुरी थकते, आणि जिच्यावर प्रेम असल्याचे सांगितले जात होते ती मोटार सुरुवातीपेक्षा वाईट स्थितीत पोहोचते. आर्थिक शिस्त ही या छंदाची पूर्वअट आहे. जो माणूस कामाचे टप्पे पाडून, प्रत्येक टप्प्याचा पैसा आधी बाजूला काढून पुढे जातो, त्याचीच मोटार पूर्ण होते आणि त्याच्याच कारागिराला वेळेवर मोबदला मिळतो. जबाबदारी पाळल्यामुळे छंद लहान होत असेल, तीनऐवजी एकच मोटार राहत असेल, तर ते मान्य केले पाहिजे. एक पूर्ण, चालती, कर्जमुक्त मोटार तीन अर्धवट मोटारींपेक्षा छंदाच्याच दृष्टीने श्रेष्ठ आहे.

छंदावर प्रेम करणाऱ्यांनीच गुंतवणुकीचा दावा सर्वांआधी सोडून दिला पाहिजे. ‘ही मोटार आवडते, तिच्यासाठी इतका पैसा बाजूला काढला आहे, तो परत येणार नाही हे ठाऊक आहे, आणि घरातील कोणतेही कर्तव्य त्यामुळे अडलेले नाही,’ एवढे एक वाक्य ज्याला प्रामाणिकपणे उच्चारता येते त्याला किंमतवाढीच्या भाकितांची, हप्त्याच्या गणिताची किंवा स्वातंत्र्याच्या घोषणेची गरज उरत नाही, आणि कोणत्याही टीकाकारालाही त्याच्यावर बोट ठेवता येत नाही. ज्याला ते उच्चारता येत नाही त्याने मोटार घेण्याचे पुढे ढकलावे, कारण त्या वेळी अडचण छंदात नसते, छंदाच्या आधी पूर्ण व्हावयाच्या कर्तव्यांत असते.